स्वस्त आहे, पण का? इंदूरच्या जुन्या कॉलनीत घर बघताना

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांवर शेव पसरत होतो. "मामा, घर मिळालं! टू बीएचके, चाळीस लाख, नवीन टाउनशिप. आणि मेट्रो टच."

"कुठं?"

"सुपर कॉरिडॉरला."

"तुझं ऑफिस नवलख्याला, सूनबाईची शाळा अन्नपूर्णा रोडला. मेट्रो तुम्हाला नेणार कुठं?"

पलीकडे शांतता. पोहे गार व्हायला लागले म्हणून मीच म्हटलं, "रविवारी ये. त्याच पैशांत राजेंद्र नगर, लोकमान्य नगरच्या बाजूला काय मिळतं ते बघू."

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात पंचवीसेक वर्षं फायली चाळण्यात घालवली. त्यातून एक खोड लागली. कुठलंही घर स्वस्त म्हणून समोर आलं, की आधी विचारायचं: का स्वस्त? जुन्या कॉलनीतलं घर उगाच स्वस्त नसतं, आणि त्याची कारणं दोन जातींची असतात. मोझॅकची फरशी, काळवंडलेला ओटा, जुनी वायरिंग, गंजलेले नळ ही एक जात. ही पैसे टाकले की सुटतात, आणि गिऱ्हाईक त्यांनाच सगळ्यात जास्त घाबरतं. दुसरी जात कागदाची, जमिनीच्या उताराची, पाण्याची, समोरच्या रस्त्याची. ती पैशानं सहसा सुटत नाही, आणि रंग मारलेल्या भिंतीआड दिसतही नाही. पहिल्या जातीचं घर शोधायचं, दुसऱ्या जातीचं टाळायचं. खाली जे लिहिलंय ते या दोन जाती ओळखायच्या कशा, एवढ्यापुरतंच.

आधी ते 'मेट्रो टच' निकालात काढू.

इंदूरकरांनी बारा वर्षांत एक धडा फुकट घेतलाय. मे २०१३ मध्ये एबी रोडवर बीआरटीएस सुरू झाला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून आय-बससाठी वेगळी वाट. विजय नगर, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआं हे सगळे त्याच रेघेवर. "बीआरटीएसपासून पाच मिनिटं" म्हणून तेव्हा किती मल्टींची जाहिरात झाली याची गणती नाही. (इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे अपार्टमेंटच्या इमारतीला 'मल्टी' म्हणतात.) आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तोच बीआरटीएस काढून टाकायला परवानगी दिली. रेलिंग तुटायला लागली. म्हणजे वीस वर्षांचं कर्ज काढून ज्या सोयीसाठी कुणी जास्त पैसे मोजले असतील, ती सोय बारा वर्षांत गेली.

पण त्याच रस्त्यावरचे चौराहे गेले नाहीत. नवलखा आजही नवलखाच आहे. बस, मॅजिक, ई-रिक्षा, ऑटो, सगळं तिथं थांबतं, कारण बीआरटीएसच्या कितीतरी आधीपासून लोक तिथूनच गाड्या पकडत आलेत. एखाद्या ठिकाणाला जाण्यायेण्याची सोय 'दिली' जाते, आणि एखाद्याला ती 'पडते', सवयीनं, वर्षानुवर्षांच्या वर्दळीनं. घर घ्यायचं तर पडलेल्या सोयीजवळ घ्यावं. दिलेली सोय मिळाली तर वरकड समजावी.

मेट्रोचंही असंच बघायचं. केंद्राची मंजुरी ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. पहिली प्रवासी गाडी धावली ३१ मे २०२५ रोजी, गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर, पाच स्टेशनं, सुमारे सहा किलोमीटर. पावणेसात वर्षं. पूर्ण आखलेला मार्ग साधारण ३१ किलोमीटरचं वर्तुळ आहे: विमानतळ, सुपर कॉरिडॉर, विजय नगर, बंगाली चौराहा, पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती आणि परत विमानतळ. नकाशा समोर ठेवून त्यावर बोट फिरवा. आपली मराठी वस्ती जिथं दाट आहे, म्हणजे राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, अन्नपूर्णा, ती बहुतेक या वर्तुळाच्या बाहेर, नैऋत्येला पडते. तिथं कुणी दलाल 'मेट्रो येणार' म्हणाला, तर हसून चहा मागवावा. तिलक नगरकरांची गोष्ट वेगळी, त्यांना बंगाली चौराहा जवळ पडतो.

नैऋत्येकडे मेट्रो नाही, पण रेल्वे आहे. इंदूर-महू मार्गावर लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर ही दोन स्टेशनं कॉलनीला चिकटूनच आहेत, पुढं राऊ. मात्र ती मुंबईच्या लोकलसारखी पाच-पाच मिनिटांची नाही. आपल्या ऑफिसच्या वेळेला गाडी आहे का, हे वेळापत्रकात बघूनच तिला सोयीत धरा. माझा एक जुना सहकारी वर्षानुवर्षं महूहून गाडीनं यायचा आणि बँकेत सगळ्यांच्या आधी हजर असायचा. अर्थात तो अविवाहित होता आणि डबा मेसचा.

प्रत्यक्ष तपासायची माझी रीत अशी. घरापासून चालत दहा मिनिटांत जो चौराहा येतो, तिथं कामाच्या दिवशी रात्री आठला उभं राहायचं. पंधरा मिनिटांत किती तऱ्हेची वाहनं आपल्या दिशेची मिळतात ते मोजायचं. एकच तऱ्हा असेल तर ती बंद पडली की तुम्ही अडकलात. तीन असतील तर बेफिकीर राहा. आणि हे जमलं तर जुलैच्या पावसात करा, रविवारच्या उन्हात सगळीच ठिकाणं छान दिसतात.

आता पैसे. इथं लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो, कारण फ्लॅटची किंमत आणि घराचा खर्च या दोन गोष्टी ते एकच धरतात.

चाळीस लाखांचा फ्लॅट घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे इथं जास्तीत जास्त बत्तीस लाख. उरले आठ. लोक आठ लाख जमवून बँकेत येत, आणि मी त्यांना पुढचा आकडा सांगितला की चेहरा पडे. मध्य प्रदेशात शहरातल्या रजिस्ट्रीला, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीला, मुद्रांक शुल्क, त्यावरचे निगमाचे (महापालिकेचे) आणि इतर कर आणि नोंदणी फी सगळं मिळून साडेबारा टक्क्यांच्या घरात जातं. चाळीस लाखांवर पाच लाख. आणि हे पाच लाख कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, ते खिशातूनच. म्हणजे हातात तेरा लाख हवेत, शिवाय वकील, दलाली, रंगरंगोटी. केवळ बाईच्या नावे रजिस्ट्री केली तर नोंदणी फीत दोन टक्के सूट मिळते, म्हणजे ऐंशी हजार वाचतात. "घर तिच्या नावावर?" असं विचारणाऱ्या सासऱ्यांना हा आकडा ऐकवावा, बहुतेक वेळा तत्त्व बदलतं.

हे शुल्क सौद्याच्या रकमेवर किंवा कलेक्टर गाइडलाइनवर, जे जास्त असेल त्यावर लागतं. गाइडलाइन म्हणजे त्या त्या कॉलनीसाठी सरकारनं ठरवलेला किमान दर. तो सहसा दर एप्रिलला बदलतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्ट्री कार्यालयात लग्नघरासारखी गर्दी असते. विकणारा म्हणाला, "गाइडलाइनइतकं कागदावर, बाकी रोख," तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते, म्हणजे ती रोख रक्कम तुम्हालाच घरातून उभी करावी लागेल. आणि मालमत्तेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. त्यामुळे घाबरायची पाळी खरं तर विकणाऱ्याची आहे, ती त्याला जाणवू द्या.

हप्त्याचं गणित मनात ठेवायला सोपं आहे. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर दर लाखाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये. बत्तीस लाखांना पावणेअठ्ठावीस हजार. या ८६८ चा उपयोग उलटाही करता येतो, आणि माझ्या मते तोच खरा उपयोग.

भाच्याला मी तसंच बसवून हिशेब करायला लावला. सुपर कॉरिडॉरहून नवलखा म्हणजे त्याला राजेंद्र नगरच्या तुलनेत जाऊन-येऊन रोज वीसेक किलोमीटर जास्त. महिन्याचे पंचवीस दिवस, पाचशे किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे अकरा लिटर, साधारण बाराशे रुपये. मला वाटलं होतं आकडा मोठा येईल. नाही आला. बाराशे रुपये म्हणजे ८६८ च्या हिशेबानं दीड लाखाचंही कर्ज नाही. तेव्हा 'पेट्रोल वाचतं म्हणून जुन्या कॉलनीत दहा लाख जास्त देतो' हे म्हणणं खोटं ठरतं, मी स्वतः ते अनेकांना ऐकवलेलं असूनही.

पण मग त्यानं दुसऱ्या ओळी लिहिल्या. सूनबाईला दुसरी स्कूटर घ्यावी लागणार. मुलीची शाळेची व्हॅन लांबची, महाग. आणि रोज तासभर जास्त रस्त्यावर, प्रत्येकी. सगळं मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास गेलं. ते पाच लाखांच्या कर्जाइतकं. म्हणजे तुमच्या घरात वाहनं किती लागतात, यावर जुन्या वस्तीसाठी किती जास्त द्यायचं हे ठरतं. दोघंही घरून काम करणारे असतील तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो, आणि त्यांनी खुशाल सुपर कॉरिडॉरला जावं. हवाही बरी आहे तिकडे.

नवीन आणि जुन्यात कराचा फरक एका वाक्यात: बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो (पंचेचाळीस लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच), जुन्या, राहत्या घराच्या खरेदीवर लागत नाही.

आता जिथं सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ते कागद.

नवीन प्रोजेक्टला निदान रेरा आहे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण. नोंदणी नंबर संकेतस्थळावर टाकला की नकाशे, परवानग्या, कार्पेट एरिया समोर येतो, आणि करार नोंदवल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. पंचवीस वर्षांच्या जुन्या घराला असं छत्र नाही. तिथं रेराचं काम तुम्हाला आणि तुमच्या वकिलाला करायचं असतं.

इंदूरला जमिनीच्या व्यवहाराची स्वतःची बोली आहे, आणि ती कळली नाही तर माणूस फसतो. 'डायरीवर प्लॉट' म्हणजे कॉलनी अजून कागदावरही पूर्ण नाही, एका डायरीत तुमचं नाव आणि पैसे लिहिले, बस्स. त्याच्या वाटेला जाऊ नये. 'नोटरीचं घर' म्हणजे रजिस्ट्री झालेलीच नाही, नोटरीच्या शिक्क्यावर हातोहात विकलं जातंय. ही घरं खरोखर स्वस्त असतात, वस्ती भरलेली असते, दारात तुळस असते, वीजबिल नावावर असतं, सगळं खरं वाटतं. पण स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही. निव्वळ मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. बँक अशा घराला कर्ज देत नाही. मी नाही म्हटलं की लोक म्हणत, "साहेब, तीस वर्षं राहतायत लोक तिथं!" राहतात की. राहणं आणि मालक असणं यांत जो फरक आहे तो वाटण्या होताना किंवा रस्ता रुंद होताना कळतो.

'नामांतरण झालंय' हेही ऐकाल. निगमाच्या दप्तरी नाव चढलं म्हणजे मालमत्ता कराची पावती त्या नावानं येते, इतकंच. मालकीचा पुरावा रजिस्ट्री, आणि तिच्या मागची साखळी: आजच्या मालकानं कुणाकडून घेतलं, त्यानं कुणाकडून, असं निदान तीस वर्षं मागं. मध्येच कुणी वारलं असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का बघा, बहिणींच्यासुद्धा. मराठी घरांत नेमकी तिथंच गाठ अडकते. "ताईचं काही म्हणणं नाही" असं भाऊ सांगतो, आणि ताई पुण्याला, तिला विचारलेलंच नसतं.

विकास प्राधिकरणाच्या योजनांमधली घरं (आमच्याकडे स्कीम नंबरनंच ओळखतात, ५४, ७४, ७८...) कागदाला चांगली, पण पुष्कळ लीजवर असतात. म्हणजे जमीन भाडेपट्ट्यानं, बहुधा तीस वर्षांची मुदत, मग नूतनीकरण. लीज संपलीय का, भाडं भरलंय का, फ्री-होल्ड (म्हणजे जमीन कायमची मालकीची) करून घेतलंय का, हे प्राधिकरणात जाऊन विचारायचं. हा दोष पहिल्या जातीत मोडतो, पैसे भरून सुटतो, फक्त ते पैसे कोण भरणार हे बयाना (इसार) देण्याआधी ठरवा. गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या प्लॉटचं तसं नाही. इंदूरमध्ये या संस्थांच्या जमिनींचे घोटाळे वर्षानुवर्षं गाजलेत, एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या तक्रारी झाल्यात. संस्थेचा प्लॉट असेल तर सदस्य यादीत पहिलं नाव कुणाचं होतं इथपासून सुरुवात करा, आणि वकील संस्थेचा नको, आपला हवा.

एक कागद लोक मागतच नाहीत: मास्टर प्लॅनमधला समोरचा रस्ता. आज घरासमोर तीस फुटी गल्ली असेल आणि प्लॅनमध्ये तिथं साठ फुटी रस्ता दाखवला असेल, तर एक दिवस निगमाची माणसं भिंतीवर लाल खूण करून जातात. जुन्या शहरात रुंदीकरणात घरांचे पुढचे भाग गेलेले आपण सगळ्यांनी बघितलेत, अर्धी खोली उघडी, भिंतीवर देवाचा कोनाडा तसाच. नगर आणि ग्राम निवेश कार्यालयात नकाशा बघता येतो. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत हे आधी बघा, बाकी नंतर.

मल्टीतला जुना फ्लॅट असेल तर आणखी एक. मंजूर नकाशात तीन मजले आणि उभे चार, असं आहे का? चौथा मजला स्वस्त का, याचं उत्तर तिथंच मिळतं.

कागद झाले की पाणी. नर्मदा इंदूरला १९७८ मध्ये आली, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, आणि त्यासाठी लोकांनी आंदोलन केलं होतं. त्या पिढीच्या माणसाला घर दाखवलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "नर्मदेचं कनेक्शन आहे का बोरिंगवर आहे?" प्रश्न अजूनही बरोबर आहे. नुसत्या बोरिंगवरच्या वस्तीत मे महिन्यात टँकर येतात. पण जुन्या कॉलनीत दुसरा प्रश्नही विचारावा लागतो: नळाची लाइन किती जुनी, आणि ड्रेनेजच्या किती जवळून जाते? डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली आणि माणसं दगावली, आणि ते देशातल्या सगळ्यात स्वच्छ म्हणून गौरवलेल्या शहरात. शेजाऱ्यांना विचारा: पाणी कधी गढूळ, वासाचं येतं का? लाइन कधी बदलली? विकणारा खोटं बोलेल, शेजारी बोलणार नाही, त्यालाही तेच पाणी प्यायचंय.

उतार बघायला पाऊसच हवा असं नाही. चौकातल्या भिंतींवर पाण्याची रेघ असते, गुडघ्याएवढी किंवा घोट्याएवढी. तळमजल्याच्या उंबऱ्यावर कुणी सिमेंटची ओळ घातलीय का बघा. अशी ओळ कुणी हौसेनं घालत नाही.

रविवारी आम्ही पाच घरं बघितली. सुदामा नगरात एक स्वतंत्र घर होतं, वरच्या मजल्यावर भाडेकरू बसवता येईल असं, पण बजेटबाहेर. वैशाली नगरच्या फ्लॅटला पार्किंग नाही, आणि स्कूटर गल्लीत ठेवून रोज भांडण करायची माझ्या भाच्याची प्रकृती नाही. राजेंद्र नगरजवळ एका मल्टीत तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट आहे. फरशी हिरवी मोझॅकची, स्वयंपाकघरात पंख्याची जागा सोडायला बिल्डर विसरलाय, लिफ्ट नाही. चौराह्यापर्यंत सात मिनिटं, मी मोजली. खालच्या काकू पंचवीस वर्षं राहतात, त्यांनी चहा दिला आणि मल्टीतल्या सगळ्यांची नावं सांगितली, कुणाचा मुलगा कुठं आहे यासकट. भाच्याची आई म्हणजे माझी बहीण. ती तीन जिने चढून वर आली, दम खात म्हणाली, "अजून दहा वर्षं चढेन मी. पुढचं पुढं."

विकणारा पस्तीस म्हणतोय. मालकीची साखळी तपासल्याचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून यायचाय. बयाना दिलेला नाही. काकूंनी सांगितलंय की नळ सकाळी साडेसहाला येतो, एक दिवसाआड. तेव्हा येत्या गुरुवारी आम्ही सहाला तिथं पोचतोय, तिसऱ्या मजल्याच्या टाकीपर्यंत पाणी चढतं का ते बघायला.